जॅझ-कंट्रीचे जुने अल्बम : आधी वादक बघा, गाणं मागून येईल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. तुम्ही नाट्यसंगीत, भावगीतं, जुनी हिंदी गाणी ऐकत वाढलात आणि गेली काही वर्षं जॅझ ऐकताय. जॅझ आणि अमेरिकन कंट्री (तिकडचं गावाकडच्या वळणाचं गाणं) यांची सरमिसळ असलेले जुने अल्बम ऐकून बघा असं कुणीतरी सुचवलं, म्हणून तुम्ही तीन ऐकले. रे चार्ल्सचा ‘मॉडर्न साउंड्स इन कंट्री अँड वेस्टर्न म्युझिक’ गुळचट वाटला. बॉब विल्सच्या गाण्यांत मधेच कुणीतरी आरोळ्या ठोकतं, त्यानं रसभंग झाला. विली नेल्सनचा ‘स्टारडस्ट’ हॉटेलात जेवताना मागे लागलेलं असतं तसला वाटला. शिवाय ‘सगळीकडे ती स्टील गिटार रडत असते’ अशी तुमची तक्रार आहे. मग दोष कानांचा की अल्बमांचा, आणि ऐकायचंच तर कुठल्या क्रमानं? एलपी घ्याव्यात का हा उपप्रश्न आहेच, त्याकडे शेवटी येते.

आधी माझा कल सांगून टाकते. मी हवाईयन गिटार, म्हणजे तीच स्टील गिटार, शिकवते आणि त्याआधी बरीच वर्षं वाद्यवृंदांत तीच वाजवत होते. तुम्हाला जे वाद्य रडकं वाटतं त्यावर माझं घर चाललंय. माझं म्हणणं तेवढी सूट देऊनच वाचा.

आणि एक दुरुस्ती लगेच करते. तुम्ही ऐकलेल्या तिघांपैकी स्टील गिटार फक्त बॉब विल्सकडे आहे. रे चार्ल्सच्या अल्बमात ती नाहीच, तिथे तुम्हाला रडताना ऐकू आली ती व्हायोलिनं. ‘स्टारडस्ट’मध्ये ते काम मिकी राफेलच्या हार्मोनिकाकडे आहे. ही चूक काढण्यासाठी सांगत नाही. पण यातूनच तुमची खरी अडचण मला दिसते. ‘कंट्री’ हा शिक्का वाचल्यावर कान त्या शिक्क्याबरोबर येणारा आवाज शोधायला लागतात आणि समोर जे वाजतंय ते निसटतं. तुम्ही प्रत्येक अल्बममध्ये जॅझ कुठे संपलं आणि कंट्री कुठे सुरू झालं तो सांधा धुंडाळताय. जुन्या रेकॉर्डवर तो सापडणं कठीण, कारण वाजवणाऱ्यांच्या लेखी तो फारसा नव्हता. तो होता रेकॉर्ड कंपन्यांच्या याद्यांत.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या कंपन्यांनी काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या तबकड्यांची यादी वेगळी काढली, तिला ‘रेस’ म्हणत. दक्षिणेतल्या गोऱ्या, गावाकडच्या गिऱ्हाइकांसाठीची वेगळी, ती ‘हिलबिली’. गंमत अशी की दोन्हीकडे माणसं तीच. राल्फ पीअर नावाचा गृहस्थ ओके कंपनीत होता. तिथेच त्यानं ब्लूजच्या, म्हणजे काळ्या अमेरिकनांच्या गाण्यांच्या, तबकड्यांचं काम पाहिलं आणि १९२३ मध्ये अटलांटाला जाऊन फिडलिन जॉन कार्सनचं फिडल (गावाकडच्या ढंगानं वाजवलेलं व्हायोलिन) ध्वनिमुद्रित केलं. पुढे १९२७ च्या ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीसाठी ब्रिस्टल गावी कार्टर फॅमिली आणि जिमी रॉजर्स या दोघांना त्यानंच पहिल्यांदा मुद्रित केलं. यादी दोन, दुकानदार एक.

हाच जिमी रॉजर्स, ज्याला कंट्रीचा जनक म्हणतात, १६ जुलै १९३० रोजी हॉलिवूडमध्ये ‘ब्लू योडल नंबर ९’ गायला तेव्हा त्याच्या साथीला ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँग होता आणि पियानोवर लिल हार्डिन आर्मस्ट्राँग. तबकडीवर दोघांचंही नाव नाही. तीन मिनिटांच्या आतबाहेरचा मामला आहे, तुमची सुरुवात इथून व्हावी असं मला वाटतं. रॉजर्स काही मोजूनमापून गाणारा गायक नव्हता, त्याला मात्रा खायची आणि लांबवायची सवय होती. आर्मस्ट्राँग त्याच्या मागे कसा चालतो बघा. ओळ संपते न संपते तोच ट्रम्पेट त्या मोकळ्या जागेत शिरतो आणि पुढची ओळ येताच बाजूला होतो. चांगला हार्मोनियमवाला गायकाला जसा सांभाळून घेतो तसंच. हे जॅझ की कंट्री? दोघंही ब्लूज वाजवतायत, आणि दोघांनाही तो घरचा आहे.

(यावरून १९७० चा आर्मस्ट्राँगचा कंट्री अल्बम शोधायला जाऊ नका, म्हणजे निदान लगेच जाऊ नका. अल्बमच्या नावातच कंट्री आहे, पण १९३० च्या त्या तीन मिनिटांची सर त्याला नाही. नावात मिसळ आहे म्हणून वाजवण्यात असेलच असं नाही, हे या प्रांतात वारंवार दिसतं.)

आता मान्य करायचं ते मान्य करते. यातलं बरंचसं तुम्ही कशासाठी ऐकता यावर ठरतं. शब्दांसाठी ऐकत असाल तर कंट्री तुम्हाला लवकर धरेल, पण त्यासाठी दक्षिणेकडचे उच्चार कानांवर बसावे लागतात आणि ते पहिल्या आठवड्यात होत नाही. जॅझचा सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर ज्यूकबॉक्सवर कंट्री गाणी लावायचा आणि चकित झालेल्या जॅझवाल्या मित्रांना त्यातल्या गोष्टींकडे लक्ष द्यायला सांगायचा, असा किस्सा सांगतात. तुम्ही वादनाच्या ओढीनं जॅझकडे आला असाल, आणि तुमच्या लिहिण्यावरून तसंच वाटतं, तर मग शब्दांच्या मागे न लागता तालापासून सुरुवात करा. मी माझ्या विद्यार्थ्यांना हेच करायला लावते.

हेडफोन लावा. मोबाइलच्या स्पीकरवर हे जमणार नाही, त्यात बास जवळजवळ येतच नाही, आणि आपलं सगळं काम बासपाशी आहे. मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार मोजा आणि त्या चारांत बास किती वेळा वाजतो ते पाहा. कंट्रीत बहुधा दोनदा: पहिल्या मात्रेला मूळ स्वर, तिसऱ्या मात्रेला पंचम, मधल्या जागा मोकळ्या. स्विंगमध्ये, म्हणजे नाचाच्या जुन्या जॅझमध्ये, चारही मात्रांवर, आणि प्रत्येक वेळी वेगळा स्वर, पायऱ्या चढत-उतरत चालल्यासारखा. हे एकदा कानांना कळलं की बॉब विल्सची कुठलीही नाचाची रेकॉर्ड लावा. गायक गात असताना बास दोन ठोक्यांवर आणि एखाद्याचं सोलो सुरू झालं की तोच बास चारावर, असं बऱ्याच ठिकाणी सापडेल. लय तीच, पण खोलीतली हवा बदलते. तुम्ही शोधत होता तो सांधा असलाच तर असा सरकता आहे, एका गाण्यात चार वेळा जाऊन येणारा.

बॉब विल्सबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तुम्ही त्याला आरोळ्यांवरून बाद केलंत ते मला पटलं नाही. हा टेक्सासचा फिडलवाला. १९३४ पासून त्याची ‘टेक्सस प्लेबॉइज’ मंडळी ओक्लाहोमातल्या टल्सा गावी होती, केव्हीओओ रेडिओवरून रोज वाजवायची आणि रात्री केन्स बॉलरूममध्ये नाच. लोक नाचायला येत. त्यांना फॉक्सट्रॉट हवा, वॉल्ट्झ हवा, ब्लूज हवा, रेडिओवर गाजत असलेलं बिग बँडचं (मोठ्या जॅझ ताफ्याचं) गाणं हवं, आणि फिडलवरच्या आजोबांच्या वेळच्या चालीही हव्यात. जो बँड हे सगळं एका रात्रीत देईल त्याचं पोट भरणार. म्हणून विल्सच्या ताफ्यात फिडलच्या शेजारी सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट आले, आणि कंट्रीत तेव्हा कुणी ठेवत नसे तो ड्रमवालाही आला. याला पुढे ‘वेस्टर्न स्विंग’ म्हणू लागले. त्याच्या थोडं आधी शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये मिल्टन ब्राऊनच्या बँडनं हेच चालवलं होतं, आणि त्या बँडमधल्या बॉब डनची १९३५ सालातली विजेवर वाजणारी स्टील गिटार या प्रकारच्या अगदी सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांत मोडते. ब्राऊन १९३६ मध्ये अपघातानंतर गेला, नाहीतर आज विल्सइतकंच त्याचंही नाव असतं.

त्या आरोळ्या स्वतः विल्सच्या आहेत. सोलो कोणाचं येतंय त्याचं नाव तो पुकारतो आणि जागा आवडली की ‘आऽहा’ करतो. १९३६ च्या ‘स्टील गिटार रॅग’मध्ये लिऑन मॅकॉलिफला तो असाच पुढे काढतो, आणि त्यामुळे मॅकॉलिफचं नाव रेडिओ ऐकणाऱ्या घराघरांत पोचलं. आपल्या बैठकीत पहिल्या रांगेतून येणारी दाद तुम्हाला खटकत नाही ना? इथे ती दाद बँडचा मालकच देतो, एवढाच फरक. कधी कधी तो अति करतो, हे खरं. गायक टॉमी डंकन शांतपणे गात असताना मागून हा मधे मधे बोलत राहतो, तेव्हा मलाही वाटतं की बाबा, जरा थांब.

तुम्ही विल्सचा बहुधा ‘सर्वोत्तम गाणी’ छापाचा संग्रह ऐकला असेल. त्यात मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची गाणी असतात आणि तीन मिनिटांत कुणालाच हातपाय पसरता येत नाहीत. त्याऐवजी ‘टिफनी ट्रान्सक्रिप्शन्स’ शोधा. १९४६-४७ च्या सुमारास सान फ्रान्सिस्कोच्या परिसरात, फक्त रेडिओ केंद्रांना पाठवण्यासाठी, सोळा इंची तबकड्यांवर केलेलं हे ध्वनिमुद्रण. दुकानात विकायचं नसल्यामुळे सगळे मोकळे वाजवतात. त्यात ‘टेक द ए ट्रेन’ आहे, म्हणजे ड्यूक एलिंग्टनच्या बँडची ओळख बनलेली चाल. तोवर विल्सकडे सॅक्सोफोन-ट्रम्पेटची फळी उरली नव्हती, तेव्हा तिचं काम तीन तारवाद्यांनी वाटून घेतलं: इलेक्ट्रिक गिटार, स्टील गिटार आणि टायनी मूरची इलेक्ट्रिक मँडोलिन. तिघं मिळून बिग बँडचे ठोस, एकत्र उसळणारे तुकडे वाजवतात. पहिल्यांदा ऐकताना ट्रम्पेट आहेत असा भास होतो. ज्युनियर बर्नार्डची गिटार मात्र मुद्दाम खरखरीत आहे, तुमचा यंत्रावर संशय जाईल, तसं समजू नका.

आता रडण्याकडे येते. स्टील गिटार मुळात हवाई बेटांची. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे ती घडली, जोसेफ केकुकू याला तिचं श्रेय दिलं जातं. १९१५ च्या सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनानंतर मुख्य अमेरिकेत तिचं वेड पसरलं. म्हणजे आज जो आवाज ऐकताच टेक्सास आठवतं तो पॅसिफिक ओलांडून आलाय. त्याच बेटांवरचं टाऊ मो यांचं कुटुंब १९४० च्या दशकात कलकत्त्याला राहिलं, तिथे हे वाद्य रुजलं, आणि मुंबईत व्हॅन शिप्लीसारख्यांनी ते हिंदी सिनेमाच्या गाण्यांत नेलं. तुमच्या जुन्या हिंदी गाण्यांत ही ‘रडकी’ बाई तुम्ही लहानपणापासून ऐकताय, फक्त तिथे तिच्यावर कंट्रीचा शिक्का नाही.

वाजवण्याच्या बाजूनं सांगते. गिटार मांडीवर आडवी, तारा पट्टीपासून उंच, डाव्या हातात स्टीलचा बार. तारेवर बार ठेवून सरकवला की मींड आपोआप येते, न सरकवणंच अवघड. नवीन मुलगा पहिल्या दिवसापासून सगळे स्वर घसरवत नेतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मांजर मागे लागलंय. म्हणून मी आधी सरळ सप्तक वाजवायला लावते, एकही मींड न घेता. त्यासाठी उजव्या तळहाताच्या कडेनं तार दाबून आवाज बंद करायचा, मग बार पुढच्या जागी न्यायचा, मग हात उचलून तार छेडायची. हे सगळं एका मात्रेच्या छोट्याशा तुकड्यात. हे जमल्यावरच मींड घ्यायची की नाही हा निर्णय तुमच्या हाती येतो. संथ कंट्री गाण्यात वादक बहुतेक जागी घेतो, म्हणून ती रडते. द्रुत लयीत घेता येत नाही, तेव्हा त्याची खरी पारख होते.

यासाठी बडी एमन्सचा १९६३ चा ‘स्टील गिटार जॅझ’ ऐका. एमन्स नॅशव्हिलचा, म्हणजे कंट्रीच्या राजधानीतला, पेडल स्टीलवाला. पेडल स्टील म्हणजे पायांवर उभी असलेली गिटार, जिच्या पेडलांनी बार एका जागी ठेवूनही काही तारांचा स्वर बदलता येतो, त्यामुळे एक स्वर स्थिर राहून दुसरा सरकतो. हा माणूस न्यूयॉर्कला जाऊन जेरोम रिचर्डसनचा सॅक्सोफोन, आर्ट डेव्हिसचा बास आणि चार्ली पर्सिपचे ड्रम, असा अस्सल जॅझचा संच घेऊन बसला. त्यातलं ‘ओलिओ’ सॅक्सोफोनवाल्या सॉनी रोलिन्सची चाल आहे आणि वेगवान आहे. तिथे एमन्स एकही अश्रू ढाळत नाही. अल्बम मात्र सारखा नाही; संथ गाण्यांत तो हॉटेलाच्या लॉबीकडे झुकतो.

रोलिन्सचं नाव निघालंच आहे तर त्याचा ‘वे आउट वेस्ट’. ७ मार्च १९५७, लॉस एंजेलिस. रोलिन्स, बासवाला रे ब्राऊन आणि ड्रमवाला शेली मॅन तिघंही दिवसभर इतरत्र अडकलेले, म्हणून ध्वनिमुद्रण पहाटे तीनला सुरू केलं. मुखपृष्ठावर रोलिन्स मोहावीच्या वाळवंटात काऊबॉय हॅट घालून, कमरेला पट्टा लावून, पिस्तुलाच्या जागी सॅक्सोफोन धरून उभा आहे. हार्लेममध्ये वाढलेला, लहानपणी काऊबॉयचे सिनेमे बघणारा मुलगा तो. चेष्टा आहे, पण वाजवण्यात टिंगल नाही. ‘आय ॲम ॲन ओल्ड काऊहँड’ आणि ‘वॅगन व्हील्स’ या दोन चालींत शेली मॅन लाकडी टकटक करून घोड्याच्या टापा काढतो, आणि मग त्याच टापा हळूहळू स्विंगमध्ये विरघळवतो. पियानो नाही, गिटार नाही. सुरावटीखाली कुणी स्वरांची गादी अंथरत नसल्यामुळे सगळं उघड्या माळरानासारखं ऐकू येतं. तुम्ही जॅझकडून येताय, तुमच्यासाठी हा दरवाजा सर्वांत सोपा. मुंबईकरांनी यात थोडा हक्क सांगायला हरकत नाही: हाच रोलिन्स साठच्या दशकाच्या अखेरीस पवईच्या आश्रमात राहून गेला, आणि १९७८ च्या जॅझ यात्रेत वाजवूनही गेला.

आता रे चार्ल्स. १९६२ चा हा अल्बम गुळचट वाटला हे तुमचं मत निम्मं मला मान्य आहे. अल्बमात दोन वेगळे संच आहेत. काही गाणी बिग बँडबरोबर, त्यांची मांडणी जेराल्ड विल्सन आणि गिल फुलर यांची, आणि हा फुलर म्हणजे डिझी गिलेस्पीच्या बिग बँडसाठी लिहिणारा. बाकीची गाणी मार्टी पेचच्या व्हायोलिनांबरोबर आणि समूहगानाबरोबर. गूळ दुसऱ्या भागात आहे. तेव्हा पहिल्यांदा फक्त ‘बाय बाय लव्ह’ आणि ‘हे, गुड लुकिन’ ही दोनच ऐका. दुसरं कंट्रीचा नामांकित गायक हँक विल्यम्स याचं. ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) आणि गायक यांच्यातली ती झोंबाझोंबी चाललेली असताना हे मूळ कंट्री आहे याची आठवणही राहत नाही.

आणि मग, काही दिवसांनी, ‘आय कान्ट स्टॉप लव्हिंग यू’. डॉन गिब्सनचं गाणं, रे चार्ल्सनं गायल्यावर पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं. समूहगान इतकं भरभरून आहे की पहिल्या वेळी तुम्ही तिथेच अडखळला असाल. पण चाल कोण गातंय ते बघा. बऱ्याच जागी सरळ चाल समूहाकडे सोपवलेली आहे, आणि रे चार्ल्स तिच्या मागून, उशिरा, स्वतःच्या सवडीनं येतो. शब्द तोडतो, स्वर खालून उचलतो. समूह जितका गुळगुळीत तितका त्याचा आवाज खरखरीत लागतो. ते व्हायोलिनवालं प्रकरण मला अजूनही थोडं जड जातं, पण ते काढलं तर त्याला टेकायला काही उरणार नाही. आणि हे त्यानं बाजार बघून केलं असं कुणी म्हणालं तर सांगा की हा माणूस लहानपणी शनिवारी रात्री रेडिओवर ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कंट्रीचा कार्यक्रम ऐकायचा, उमेदवारीच्या काळात फ्लोरिडात एका गोऱ्या कंट्री बँडमध्ये पियानो वाजवायचा, आणि १९५९ मध्येच त्यानं हँक स्नोचं ‘आय ॲम मूव्हिन ऑन’ गाऊन ठेवलं होतं.

व्हायोलिनं आणि समूहगान हा त्या काळच्या नॅशव्हिलचा एकूणच रिवाज होता. जिम रीव्हज तुम्हाला ठाऊक असेलच. आपल्याकडे, विशेषतः गोव्यात आणि मुंबईतल्या ख्रिस्ती वस्त्यांत, नाताळात त्याच्याशिवाय पान हलत नसे. त्याच्या मखमली रेकॉर्डमागचा निर्माता चेट ॲटकिन्स. आता या ॲटकिन्सचा धागा धरा, कारण मला जे सांगायचंय ते इथे नीट दिसतं. दिवसा गायकांच्या मागे मोजकंच वाजवणारे हे स्टुडिओतले लोक रात्री नॅशव्हिलच्या क्लबात जॅझ वाजवत. १९६० च्या जुलैमध्ये त्यांना न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवाचं बोलावणं आलं. तिथे दंगल झाली, महोत्सव गुंडाळला, तेव्हा या मंडळींनी भाड्यानं घेतलेल्या घरातच वाजवून अल्बम केला: ‘आफ्टर द रायट ॲट न्यूपोर्ट’. ॲटकिन्स आहे, पियानोवर फ्लॉइड क्रेमर, सॅक्सोफोनवर बूट्स रँडॉल्फ, गिटारवर हँक गार्लंड आणि व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्या ठोकून वाजवायचं वाद्य) गॅरी बर्टन नावाचा सतरा वर्षांचा मुलगा.

गार्लंड म्हणजे एल्व्हिस प्रेस्ली आणि पॅट्सी क्लाइन यांच्या ध्वनिमुद्रणांतला गिटारवाला. त्याच वर्षी त्यानं बर्टनला आणि डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीतल्या जो मोरेलोला घेऊन ‘जॅझ विंड्स फ्रॉम अ न्यू डायरेक्शन’ केला. यात कंट्री शोधाल तर हाती काही लागणार नाही, सरळ जॅझ आहे. पण गार्लंडचा प्रत्येक स्वर इतका सुटा आणि नेमका आहे की स्टुडिओत गायकामागे वर्षानुवर्षं वाजवलेल्या हाताची शिस्त कळते. १९६१ मधल्या मोटार अपघातानं त्याची कारकीर्द संपवली.

बर्टन मात्र पुढे जॅझचा सॅक्सोफोनवाला स्टॅन गेट्झ याच्याकडे गेला, नाव कमावलं, आणि १९६६ मध्ये नॅशव्हिलला परतून ‘टेनेसी फायरबर्ड’ केला. येताना गेट्झच्या बँडमधले ड्रमवाले रॉय हेन्स आणि बासवाले स्टीव्ह स्वॉलो बरोबर आणले, आणि इथे ॲटकिन्स, हार्मोनिकावर चार्ली मॅकॉय आणि आपला बडी एमन्स त्यांना येऊन मिळाले. यात बॉब विल्सचं ‘फेडेड लव्ह’ आहे, हँक विल्यम्स आहे, डिलनही आहे. व्हायब्राफोनची पट्टी ठोकली की स्वर जिथे पडला तिथेच राहतो, आणि पेडल स्टीलचा स्वर एका जागी राहायला तयार नसतो. हे दोन स्वभाव शेजारी वाजतात तेव्हा जी ओढाताण होते ती ऐकण्यासारखी आहे. सगळा अल्बम जमलाय का? नाही. काही गाणी प्रयोग म्हणून सुरू होतात आणि प्रयोग म्हणूनच संपतात. पण पुढे दोन-तीन वर्षांत जॅझ-रॉकच्या नावानं जे गाजलं त्याच्या आधी हे झालंय, आणि तेव्हा फार कुणी लक्ष दिलं नाही.

म्हणून माझा सल्ला असा की शैलीच्या मागे न जाता एका वादकाच्या मागे जा. ॲटकिन्सकडून बर्टन, बर्टनकडून एमन्स, एमन्सकडून ‘ओलिओ’मार्गे रोलिन्स. हे आपल्याकडेही काही निराळं नाही. मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे गोव्याचे वादक सकाळी सिनेमाच्या स्टुडिओत असत. चिक चॉकलेट म्हणजेच आंतोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्रांबरोबर काम करत होते, आणि ‘अलबेला’च्या गाण्यात आपल्या बँडसकट पडद्यावरही दिसतात. त्यांनी कुठे जॅझ थांबवलं आणि कुठे हिंदी गाणं सुरू केलं हे आपण कधी विचारत बसलो नाही.

दुसरा धागा चार्ली हेडनचा. बासवाला, जन्म १९३७, आयोवा राज्यातलं शेनँडोआ गाव. घरचाच कंट्री बँड होता, त्यांचा रेडिओवर कार्यक्रम असे, आणि हा नीट बोलायला लागला तेव्हापासून त्यात गायचा. पंधराव्या वर्षी पोलिओनं आवाज गेला आणि तो बासकडे वळला. पुढे ऑर्नेट कोलमनबरोबर, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत बंडखोर जॅझवाल्याबरोबर, त्यानं ‘रँब्लिन’ वाजवलं. १९५९ चं ध्वनिमुद्रण, ‘चेंज ऑफ द सेंच्युरी’ या अल्बमात आहे. त्यातलं हेडनचं सोलो ऐका: बासवर दोन तारा एकदम छेडत तो ‘ओल्ड जो क्लार्क’ ही फिडलची जुनी चाल वाजवून जातो. बंडखोर म्हणून ज्याला नावं ठेवली त्या संगीताच्या मध्यभागी पडवीतलं नाचगाणं. कोलमन फोर्ट वर्थचा, मघाशी सांगितलेल्या मिल्टन ब्राऊनच्याच गावचा, त्याला यात परकं वाटायचं काही कारण नव्हतं. हे ऐकल्यावर हेडन आणि पॅट मेथेनीचा १९९७ चा ‘बियाँड द मिझुरी स्काय’ घ्या. मुख्यतः बास आणि गिटारी. अतिशय संथ आहे, दुपारी कामं करता करता लावलात तर कंटाळाल. त्यातलं ‘द प्रेशस ज्युएल’ हे रॉय एकफचं जुनं कंट्री गाणं आहे.

जॅझ गिटारवाल्या बिल फ्रिसेलचा १९९७ चा ‘नॅशव्हिल’ नंतर कधीतरी. त्यात डोब्रो (हीही बार सरकवून वाजवायची आडवी गिटार) वाजवणारा जेरी डग्लस आहे, त्याचा धागा पुढे नेलात तर तो तुम्हाला थेट विश्वमोहन भट्टांपर्यंत आणतो. बासवाल्या एडगर मायरसोबत दोघांनी केलेला ‘बर्बन अँड रोझवॉटर’ १९९५ चा. नोरा जोन्सचं ‘कोल्ड, कोल्ड हार्ट’ ऐकलं असेलच, ते हँक विल्यम्सचं.

राहिला ‘स्टारडस्ट’. तो १९७८ चा, निर्माता बुकर टी. जोन्स. हॉटेलातलं संगीत वाटलं यात तुमची चूक नाही, हळू आवाजात लावला तर तो तसाच वाटतो. कंपनीलाही तेव्हा धाकधूक होतीच की कंट्रीचा बंडखोर गायक आजीआजोबांच्या काळची गाणी गातोय, कोण घेणार? अल्बम कंट्रीच्या यादीत सुमारे दहा वर्षं टिकला. तो ऐकताना बँडकडे दुर्लक्ष करा आणि विलीचा शब्द मात्रेच्या कुठे पडतो एवढंच बघा. जवळजवळ कधीच मात्रेवर पडत नाही. आधी तरी येतो नाहीतर ओळ संपायला आली तरी रेंगाळतो, आणि तरीही शेवटी बरोबर पोचतो. नायलॉनच्या तारांची त्याची झिजून भोक पडलेली गिटारही तशीच वाजते, जॅझ गिटारवाल्या जँगो राइनहार्टची पारायणं केलेल्या हातानं. हे सगळं कानांना लागायला आधी वरचं थोडं ऐकून झालेलं बरं, म्हणून तो मी शेवटी ठेवते.

थोडक्यात क्रम: आधी ‘ब्लू योडल नंबर ९’ आणि ‘वे आउट वेस्ट’, मग टिफनीवाला बॉब विल्स बास मोजत, मग रे चार्ल्सची ती दोन गाणी, एमन्स, ‘टेनेसी फायरबर्ड’, त्यानंतर हेडन, आणि सर्वांत शेवटी ‘स्टारडस्ट’ मोठ्या आवाजात. एखादा दोनदा ऐकूनही नाही आवडला तर खुशाल सोडा. ‘मिझुरी स्काय’ माझ्या घरात अजून कुणाला आवडलेला नाही.

एलपीबद्दल. १९३०-४० च्या दशकांतलं सगळं इंटरनेटवरच ऐका, ते मुळात एलपीसाठी केलेलंच नव्हतं. खर्च करायचाच असेल तर ‘वे आउट वेस्ट’वर करा. तीनच वाद्यं आणि मुळातलं स्वच्छ ध्वनिमुद्रण, त्यामुळे बऱ्यापैकी टर्नटेबलवर बासची तार सुटलेली कळते. जुन्या बाजारात घ्यायची झाली तर तबकडी तिरकी धरून उजेडात बघा. वरवरचे ओरखडे चालतात, पण चर काळे चकचकीत न राहता राखाडी पडले असतील तर सुईनं ते खाल्लेत, घेऊ नका. रे चार्ल्ससाठी नवं पुनर्मुद्रण पुरे, पहिल्या आवृत्तीला जास्त पैसे मोजावेत इतका फरक मला त्यात ऐकू आलेला नाही.